दिलं मी, भरलं कोणी? (गीता, अध्याय १७, श्लोक २०)



गेले तीन दिवस चिंतन लिहिता आलं नाही, त्याबद्दल क्षमा. सुट्टीवर कराडला आले आहे, सोमवार पेठेतल्या आमच्या घरी. मधला एक दिवस प्रवासात गेला आणि उरलेले दोन त्या प्रवासानं दिलेला प्रश्न पचवण्यात. तोच प्रश्न आज तुमच्यासमोर मांडते, कारण आपल्या क्रमानं आज जो श्लोक आला आहे तो नेमका त्याच प्रश्नावर बोट ठेवतो.

सतराव्या अध्यायात भगवंत आहार, यज्ञ, तप आणि दान या चारही गोष्टींचे तीन-तीन प्रकार सांगतात. विसाव्या श्लोकात सात्त्विक दान येतं. माझ्या शब्दांत सांगायचं तर: देणं हे माझं कर्तव्यच आहे एवढ्याच भावनेनं, जो परतफेड करणार नाही त्याला, योग्य जागी, योग्य वेळी आणि योग्य माणसाला जे दिलं जातं ते सात्त्विक दान. देश, काळ आणि पात्र. आणि मनात हिशेब नाही.

हा श्लोक मी कितीतरी वेळा वाचलाय. खरं सांगू? वाचताना मला नेहमी थोडं बरं वाटायचं. कारण मी इंग्लंडमधल्या एका शहरात सोशल वर्कर आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं. उठता-बसता येतं का, अंघोळीला मदत लागते का, औषधं वेळेवर घेतली जातात का, रात्री पडलात तर हाक कोणाला माराल, हे सगळं विचारायचं, फॉर्म भरायचा आणि मदतीची सोय लावून द्यायची. ती माणसं माझी कोणी नाहीत. ती मला काही परत देणार नाहीत. म्हणजे आपण त्या श्लोकात बसतो, असं मनातल्या मनात वाटायचं.

आमच्या त्या फॉर्मवर एक रकाना असतो, सर्वांत जवळचा नातेवाईक कोण आणि किती अंतरावर राहतो. मुलगा दोनशे मैलांवर राहतो असं एखाद्या आजींनी सांगितलं की मी मान हलवते आणि लिहिते. पण आत कुठेतरी त्या मुलाबद्दल एक मत तयार झालेलं असतं.

आणि माझी आई? तिचा फॉर्म कोणी भरलाच, तर त्या रकान्यात माझं नाव येईल. अंतर, सात हजार किलोमीटर.

गेल्या श्रावणात आई मोरीत पाय घसरून पडली. उजवं मनगट मोडलं. समोरच्या वहिनी तिला रिक्षातून दवाखान्यात घेऊन गेल्या, प्लास्टर घातलं, रात्री तिच्याजवळ झोपल्या. मला कळलं बारा दिवसांनी. त्या बारा दिवसांत आम्ही रोज व्हिडिओ कॉलवर बोलत होतो, बरं का. आई मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायची आणि फक्त चेहरा दिसेल अशी बसायची. मी तिकडून तिला सांगत होते, आज एका आजोबांच्या बाथरूममध्ये आधाराची दांडी बसवून घेतली, किती खूश झाले! आणि ती प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून ऐकत होती.

या वेळी आले तेव्हा ठरवलं होतं की आईला पंढरपूरला न्यायचं. गुडघ्यांमुळे तिची वारी कधीच थांबलीय. आणि मला स्वतःला सोलापूरला जायचं होतं, भैय्या चौकातलं डॉ. कोटणीस स्मारक बघायला. माझ्या क्षेत्रातल्या माणसानं ते बघितलं नाही हे बरं दिसत नाही, असं बरेच दिवस वाटत होतं. दोन्ही एका दिवसात करायचं ठरलं. गाडी सांगितली आणि पहाटे पाचला निघालो. ओगलेवाडी मागे पडली, विट्याला चहा घेतला, सांगोल्याच्या पुढे चांगलं ऊन पडलं.

मंगळवेढ्याच्या आसपास दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, कणसं भरलेली. या भागाला ज्वारीचं कोठार म्हणतात. आईनं काचेतूनच हात जोडले आणि म्हणाली, "दामाजीपंतांचं गाव गं."

दामाजीपंतांची गोष्ट तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत असेल. बिदरच्या बादशहाचे ते मंगळवेढ्याचे अधिकारी. भयंकर दुष्काळ पडला, माणसं अन्नावाचून मरायला लागली. सरकारी कोठारं भरलेली होती. दामाजीपंतांनी ती उघडली आणि धान्य वाटून टाकलं. बादशहाला कळलं, पकडून आणायचा हुकूम सुटला. आणि संतपरंपरा सांगते की दामाजी बिदरला पोचायच्या आधीच एक महार दरबारात पोचला, विठू महार. धान्याची सगळी किंमत त्यानं भरली आणि पावती घेतली. तो कोण होता हे दामाजींना नंतर कळलं.

लहानपणापासून ही गोष्ट मी दामाजींच्या दयेची गोष्ट म्हणून ऐकली. या वेळी गाडीत बसल्या बसल्या पहिल्यांदा जाणवलं, की दामाजींनी जे वाटलं ते त्यांचं नव्हतंच. ते दुसऱ्याचं होतं. आणि दान कितीही पवित्र असलं तरी बिल आलंच. देवानंसुद्धा ते माफ करून टाकलं नाही. खांद्यावर घोंगडी घेतली, जोहार घातला आणि ते भरलं.

तेव्हा हे नुसतं जाणवलं. त्याचा अर्थ पुढे सोलापुरात लागला.

कोटणीसांचं चरित्र थोडक्यात सांगते, कारण आपल्या पिढीला 'चीनला गेलेले डॉक्टर' यापलीकडे फारसं माहीत नसतं. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात ते डॉक्टर झाले. जपाननं चीनवर आक्रमण केलं होतं. जनरल चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टर पाठवण्याची विनंती केली. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी देशाला आवाहन केलं, निधी जमला आणि १९३८ च्या सप्टेंबरात पाच डॉक्टरांचं पथक मुंबईहून बोटीनं निघालं. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. पाचांपैकी चौघे परत आले.

कोटणीस चीनमध्ये पोचून काही महिने होतात तोच घरून वडील गेल्याची बातमी आली. परत जा, असं सोबत्यांनी सांगितलं. ते गेले नाहीत. १९४० मध्ये एका लढाईच्या वेळी त्यांनी सलग ७२ तास झोप न घेता शस्त्रक्रिया केल्या. त्या लढाईत आठशेहून जास्त जखमींवर उपचार केले. १९४१ मध्ये डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. त्याच वर्षी क्वो चिंगलान या परिचारिकेशी लग्न झालं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याच्या नावात भारत आणि चीन दोन्ही देश गुंफले, यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन, यिनहुआ. आणि ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा.

आईला हे सगळं व्ही. शांतारामांच्या सिनेमातून माहीत होतं, 'डॉ. कोटनीस की अमर कहानी', १९४६ चा. दूरदर्शनवर बघितला होता म्हणाली.

आता स्मारकाबद्दल. ते कोटणीसांच्या घरातच आहे. ही गोष्ट साधी वाटते, पण माझ्यासाठी दिवसभरातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच ठरली. भिंतींवर फोटो आहेत, पथकाचे, चीनमधल्या त्या दिवसांचे. मी एकेक फोटो बघत, माहिती वाचत पुढे सरकत होते. मागे वळून बघितलं तर आई फोटो बघतच नव्हती. ती त्या जागेकडे बघत होती, दाराकडे, खिडकीकडे. मी विचारलं, "दमलीस का?" ती म्हणाली, "नाही गं. बातमी आली तेव्हा घरातली माणसं इथंच असतील ना, म्हणून बघते."

काही वर्षांपूर्वी मी जिनिव्हाला रेडक्रॉसचं संग्रहालय बघितलं होतं. तिथे पहिल्या महायुद्धातली कार्डं ठेवलेली आहेत, लाखो कार्डं. युद्धात पकडलेल्या, हरवलेल्या सैनिकांची नोंद. घरून विचारणा यायची, आमचा मुलगा कुठे आहे, नवरा जिवंत आहे का, आणि त्या कार्डांवरून शोध घेतला जायचा. मला तेव्हा त्या कामाच्या आकाराचं कौतुक वाटलं होतं. सोलापुरात आईचं वाक्य ऐकल्यावर लक्षात आलं की प्रत्येक कार्डाच्या मागे एक घर वाट बघत होतं. वाट बघण्यानं ती कार्डं भरली होती.

मंडळी, आता मंगळवेढ्याची गोष्ट इथे जोडा. कोटणीसांनी स्वतःचं आयुष्य दिलं यात शंकाच नाही. पण मुलाच्या खांद्यावरून शेवटचा प्रवास करण्याचा वडिलांचा जो वाटा होता, तोही त्यात गेला. भावंडांचा भाऊ गेला. चिंगलानचा नवरा गेला, यिनहुआचा बाप गेला. फोटो एका माणसाचा लागतो. बिल मात्र अख्ख्या घरानं भरलेलं असतं.

म्हणून कोटणीसांनी चूक केली का? मला तसं वाटत नाही. आजच्या श्लोकातल्या तिन्ही कसोट्या लावून बघा. जागा, जिथे डॉक्टर मिळत नव्हते ती. वेळ, जखमी समोर आडवे पडले होते ती. पात्र? इथे कोणी म्हणेल, ज्या देशासाठी एवढं केलं त्याच देशाशी पुढे १९६२ मध्ये युद्ध झालं, मग ते पात्र कसलं! पण पात्रता म्हणजे वीस वर्षांनंतरच्या वागण्याची हमी नव्हे. रक्त वाहत असलेला माणूस त्या क्षणी पात्रच असतो. आणि परतफेडीची अपेक्षा नाही, हे तर श्लोकातच आहे. सोलापूरला परतले असते तर वडील भेटणार नव्हते. तिथे थांबले म्हणून शेकडो माणसं जगली.

पण हा हिशेब त्यांचा. तो माझ्या नावावर खपवायचा मला अधिकार नाही, हे त्या घरात उभं राहून मला कळलं. मी दान करते कुठे? मला पगार मिळतो, सुट्टी मिळते, पुढे पेन्शन मिळेल. मी गेले नाही तर माझ्या जागी दुसरी सोशल वर्कर येईल. काम चांगलं आहे, मनापासून करते, पण ते पगारी काम आहे. त्याला सेवा म्हणत आले ते माझ्या सोयीसाठी. 'लोकांची सेवा करते' म्हटलं की आईची न केलेली सेवा त्याखाली झाकली जाते.

दुपारी एका खानावळीत जेवायला बसलो. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. आईला भाकरी मोडताना मनगट अजून दुखतं हे मला तेव्हा दिसलं. मी तिची भाकरी कुस्करून दिली आणि न राहवून विचारलं, "आई, मी तिकडे गेले त्याचा तुला कधी राग आला का गं?"

"गेलीस त्याचा नाही," ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "तू तेव्हा सांगितलंस. विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"हो म्हणाले असते की. पण मग ते मी दिलं असं झालं असतं. आता ते नुसतं गेलं असं झालंय."

मंडळी, मी गेली सात वर्षं रोज एक श्लोक वाचते. दानावरचं इतकं नेमकं भाष्य मला दुसरीकडे मिळालेलं नाही.

दिलेलं आणि गेलेलं, यात फरक काय? वस्तू तीच, तोटाही तेवढाच. फरक फक्त एवढा की एकात देणाऱ्याला माणूस म्हणून विचारात घेतलेलं असतं. आईचा वाटा मी तिच्या हातून काढून घेतला आणि वर त्याचं पुण्य माझ्या नावावर लावलं. तिला दाता व्हायची संधीच दिली नाही. सात्त्विक दानात दुसऱ्याच्या वाट्याला हात घालायची वेळ आली, तर आधी त्याला विचारायला हवं, आणि नंतर त्याचं नाव घ्यायला हवं. श्लोकात हे शब्द नाहीत, मला माहीत आहे. पण कर्तव्य म्हणून द्यायचं असेल, तर आपल्या देण्याचा भार कोणावर पडतो हे बघणं त्या कर्तव्याच्या आतच आलं ना?

संध्याकाळी पंढरपूर. गर्दी फार नव्हती. मुखदर्शन झालं, नामदेव पायरीला हात लावला आणि नंतर हळूहळू चंद्रभागेच्या वाळवंटात पुंडलिकाच्या मंदिरापाशी गेलो. आई पायरीवर टेकली.

पुंडलिकाची गोष्ट आपण आईवडिलांच्या सेवेचा आदर्श म्हणून सांगतो. देव दारात आला तरी तो उठला नाही, वीट भिरकावली आणि म्हणाला, यावर थांब. पण परंपरेत त्या आधीचाही भाग आहे. पुंडलिक आधी तसा नव्हता. आईवडिलांची हेळसांड करणारा होता. काशीच्या वाटेवर, एका ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले आणि तो बदलला. म्हणजे विटेवरचा देव ज्याच्यासाठी उभा आहे, तो सुरुवातीपासून गुणी असलेला मुलगा नाही. ज्याला उशिरा कळलं, तो आहे. मला त्या संध्याकाळी याचा फार आधार वाटला.

तुम्ही म्हणाल, मग कोण बरोबर, पुंडलिक की कोटणीस? एकानं आईवडिलांसाठी देवाला थांबवलं, दुसरा परक्या जखमींसाठी वडिलांच्या पश्चातही घरी आला नाही. मला वाटतं हा प्रश्न असा सुटत नाही आणि कोणी झटकन सोडवून दिला तर विश्वास ठेवू नका. दोघांत एक गोष्ट मात्र सारखी दिसते. दोघांच्याही समोर जो माणूस होता, त्याच्याकडे त्यांची पाठ नव्हती. माझ्यासारख्यांची अडचण वेगळीच असते. समोरच्या कामाकडे बघतो, पण त्याची किंमत जिथून वसूल होते तिकडे बघायचं टाळतो. आई हात कॅमेऱ्याबाहेर ठेवते आणि आपण, खरं सांगा, विचारतही नाही की आज तू जरा वाकडी का बसलीस.

समोरच्या वहिनी माझ्यासाठी विठू महार झाल्या. मी दूर बसून कोठारं उघडत होते आणि बिल त्या भरत होत्या, रिक्षाचे पैसे, रात्रीची झोप, आठवडाभर दोन्ही वेळचा डबा. पावतीवर त्यांचं नाव नव्हतं. कराडला परत आल्यावर दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. पैसे द्यायची हिंमत झाली नाही, तो अपमान झाला असता. एवढंच म्हणाले, "वहिनी, तुम्ही जे केलंत ते मी करायला हवं होतं." त्या म्हणाल्या, "अहो ताई, त्यात काय एवढं." आणि लगेच, अगदी सहज, त्या दिवसाची सगळी हकिकत सांगत बसल्या, जवळजवळ तासभर. कोणीतरी विचारावं म्हणून ती गोष्ट थांबली होती.

परतीच्या रस्त्यावर मात्र मी आईला विचारलं. उशिरा का होईना, पण विचारलं. मंगळवेढ्याकडे न जाता आम्ही थेट विट्याच्या दिशेनं निघालो होतो, अंधार झाला होता, आई डोळे मिटून होती. म्हटलं, "आई, माझी तिकडची नोकरी अजून बरीच वर्षं आहे. मी राहू का तिकडे? की येऊ?" तिनं डोळे उघडले नाहीत. म्हणाली, "आता विचारतेस होय?" आणि थोड्या वेळानं, "बघते. विचार करून सांगते."

मला वाटलं होतं ती लगेच 'राहा की, माझी काय काळजी' असं म्हणेल. आया तसंच म्हणतात. तिनं तसं म्हटलं नाही. खरोखर विचारलं की समोरच्यानं खरोखर उत्तर द्यायची तयारीही ठेवावी लागते, हे मी धरलंच नव्हतं.

आजचा संकल्प छोटा आहे. तुम्ही पुण्यात असा, मुंबईत असा, बंगळुरूत किंवा टोरांटोत असा. तुम्ही जे काही चांगलं करताय, नोकरी, शिक्षण, सेवा, साधना, अगदी पहाटेचा हा जपसुद्धा, त्याचं बिल कोण भरतंय ते आज एका कागदावर लिहा. नावासकट लिहा. बाळाला सांभाळणारी सासू असेल, गावाकडे शेत बघणारा भाऊ असेल, जास्तीची शिफ्ट करणारा सहकारी असेल. मग त्यातल्या एकाला फोन करा. आभार मानायला नको, ते आपण फार पटकन मानतो आणि मोकळे होतो. त्याला विचारा, तुला हे चालतंय का? आणि उत्तर येईपर्यंत फोन ठेवू नका.

परवा पहाटे माझं विमान आहे. आईनं अजून उत्तर दिलेलं नाही. आज सकाळी प्रीतिसंगमावर बसलो होतो, कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात तिथं, तेव्हाही ती काही बोलली नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. तिचा वाटा आहे, तिला वेळ घेऊ दे.

उद्या श्लोक २१ घेऊ, परतफेडीच्या आशेनं किंवा मनाविरुद्ध दिलेलं दान. माझ्यासाठी तो आजच्यापेक्षा जवळचा आहे.

राम कृष्ण हरी.